दुष्ट राज्य बनवायचंय? राजा नको, कारकून शोधा

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.

आज सुरुवात माझ्या एका फजितीपासून.

दर शनिवारी रात्री आम्ही सहा जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण डंजन मास्टर होतो आणि एक जग कल्पून सांगतो. बाकीचे त्या जगातली पात्रं होतात. एखादी गोष्ट जमली की फसली, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्यात मास्टर मी, खेळाडू पाच. हा पाचचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या पावसाळ्यात मी मोठ्या उत्साहाने एक दुष्ट साम्राज्य बनवलं. काळा किल्ला, काळे झेंडे. राजा सकाळी उठून आधी तीन माणसं सुळावर चढवायचा आणि मग नाश्ता करायचा. कायदे काय, तर हसायला बंदी, गाण्याला बंदी, राजाचं नाव चुकीचं उच्चारलं तर जीभ छाटणार. मला वाटलं, वा, काय भयानक राज्य जमलंय!

दुसऱ्याच शनिवारी आमची पाच मंडळी गटाराच्या वाटेने किल्ल्यात घुसली आणि त्यांनी राजाला मारून टाकलं. पावणेदहाला साम्राज्य खलास. मागवलेला पिझ्झासुद्धा अजून यायचा होता. आणि मग आमच्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, "बरं, राजा मेला. उद्या सकाळी वेशीवर जकात कोण घेणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण माझ्या राज्यात जकात घेणारा कुणी नव्हताच. फक्त राजा होता, जल्लाद होता आणि झेंडे होते.

त्या प्रश्नाने मला इतिहासाकडे ढकललं. आजचा भाग त्याच शोधाबद्दल आहे: खरी जुलमी राज्यं चालायची कशी?

'कायदेशीर दुष्ट' म्हणजे काय

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत बाजारात आणला. तेव्हा पात्रांच्या वृत्तीचे तीनच प्रकार होते: कायदा, तटस्थता आणि अंदाधुंदी. १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात त्याचे नऊ झाले. एका बाजूला चांगलं-वाईट, दुसऱ्या बाजूला शिस्त-बेशिस्त, आणि त्या चौकटीच्या एका कोपऱ्यात 'कायदेशीर दुष्ट' बसला. तो नियम मोडत नाही. नियम हेच त्याचं हत्यार असतं.

पुस्तकात हे वाचायला भारी वाटतं. पण टेबलावर उतरवताना आपण सगळे तीच चूक करतो. नियम असे लिहितो की कुठलंही शहाणं माणूस ते पाळणार नाही. हसायला बंदी म्हणे! अंमलबजावणी करणारा शिपाई घरी जाऊन पोराला खेळवताना काय करणार?

म्हणून आता एका अशा राज्यात जाऊ, ज्याचे कायदे लोकांनी खरोखर पाळले. चीनमधलं छिन राज्य.

ओंडका उचला, सोनं घ्या

इसवी सनापूर्वीचं चौथं शतक. चीनमध्ये तेव्हा अनेक राज्यं आपापसांत लढतायत. पश्चिमेकडच्या छिन राज्यात शांग यांग नावाचा मंत्री येतो आणि इ.स.पू. ३५६ च्या सुमारास नवे कायदे आणायला लागतो. त्याची गोष्ट सिमा छ्यान या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे.

शांग यांगने पहिली गोष्ट काय केली असेल? कुणाला फाशी दिली नाही. त्याने बाजाराच्या दक्षिण वेशीपाशी एक ओंडका ठेवला आणि जाहीर केलं, हा उचलून उत्तर वेशीला नेईल त्याला दहा मापं सोनं. लोक नुसते बघत राहिले. एवढ्याशा कामाला इतकं सोनं? काहीतरी गडबड असणार. मग त्याने बक्षीस पन्नासवर नेलं. एका माणसाने म्हटलं, बघू तरी, आणि नेला ओंडका. त्याला तिथल्या तिथे पन्नास मापं सोनं मिळालं.

झालं. सरकार बोलतं ते करतं, एवढी एकच गोष्ट लोकांच्या डोक्यात बसली. त्यानंतर कायदे जाहीर झाले.

आणि ते कायदे कसे होते बघा. घरांचे पाच-पाच आणि दहा-दहाचे गट. गटातल्या कुणी गुन्हा केला तर बाकीच्यांनी कळवायचं. कळवलं नाही तर कमरेतून दोन तुकडे. कळवलं तर शत्रूचं मुंडकं आणल्याइतकं बक्षीस. युद्धात पराक्रम केला तर शेतकऱ्याच्या पोरालाही सरकारी हुद्दा आणि जमीन. उलट राजाच्या नातेवाइकाने पराक्रम केला नाही, तर त्याचं नाव राजघराण्याच्या यादीतून बाद.

म्हणजे गरीब माणसाला या राज्यात खरोखर काहीतरी मिळत होतं. पिढ्यानपिढ्या सरदारांच्या घरात अडकलेला हुद्दा आता त्याच्या पोराला मिळू शकत होता. माझ्या काळ्या किल्ल्याच्या राज्यात हेच नव्हतं. तिथे राज्य टिकावं असं राजा सोडून कुणालाच वाटत नव्हतं.

शांग यांगचा शेवट तर एखाद्या मास्टरने मुद्दाम रचावा तसा आहे. त्याच्या पाठीराख्या राजाचं निधन झालं आणि युवराज गादीवर आला. याच युवराजाने पूर्वी कायदा मोडला होता तेव्हा शांग यांगने त्याच्या गुरूंना शिक्षा केली होती. आता हिशेब चुकते व्हायची वेळ आली. शांग यांग पळाला. सरहद्दीजवळच्या एका खाणावळीत रात्रीपुरती जागा मागितली. मालकाने त्याला ओळखलं नाही. तो म्हणाला, शांग साहेबांचा कायदा आहे, ओळख पटल्याशिवाय कुणाला ठेवलं तर शिक्षा मला होते. इ.स.पू. ३३८ मध्ये शांग यांग मारला गेला आणि त्याच्या प्रेताचे रथांना बांधून तुकडे केले गेले. मंत्री गेला, पण त्याचे कायदे मात्र छिनने तसेच चालू ठेवले.

खाणावळवाला इथे वाईट माणूस नाहीये. दार लावून तो आत गेला असेल आणि शांत झोपलाही असेल.

पाऊस पडला आणि राज्य बुडालं?

शंभरहून जास्त वर्षांनी, इ.स.पू. २२१ मध्ये, याच छिनने सगळी राज्यं जिंकून चीन एक केला. आणि मग अवघ्या पंधरा वर्षांत साम्राज्य कोसळलं. ते कसं कोसळलं, याची गोष्ट चीनमध्ये शाळकरी पोरांनाही माहीत असते.

इ.स.पू. २०९. सरहद्दीवर पहाऱ्याला पाठवलेले नऊशे माणसं वाटेत मुसळधार पावसात अडकतात. वेळेवर पोचणं अशक्य. उशीर झाला तर कायद्याने मृत्युदंड. पळालो तरी मृत्युदंड. त्यांचे दोन पुढारी, छन शंग आणि वू ग्वांग, म्हणतात की मरायचंच आहे तर बंड करून मरू. आणि तिथून वणवा पेटतो.

काय जबरदस्त गोष्ट आहे! मी ती उचलून थेट माझ्या नव्या राज्यात टाकणार होतो. 'उशीर म्हणजे मृत्यू' असं वहीत लिहूनही ठेवलं होतं.

मग मला कारकून भेटला.

थडग्यातला कारकून

१९७५ च्या डिसेंबरात चीनच्या हुबेई प्रांतात, युनमंग इथे, एक थडगं उघडलं गेलं. आत एका माणसाच्या सांगाड्याभोवती बांबूच्या अकराशेहून जास्त पट्ट्या होत्या. त्या पट्ट्यांवर कायदे होते. माणसाचं नाव शी. तो कुणी राजा किंवा सेनापती नव्हता. स्थानिक पातळीवरचा छिनचा सरकारी कारकून होता. पंचेचाळिशीच्या आसपास, इ.स.पू. २१७ च्या सुमारास वारला, आणि आयुष्यभर ज्यांवर काम केलं त्या नियमांसकट पुरला गेला.

त्या पट्ट्यांत सरकारी वेठीला बोलावलेली माणसं उशिरा पोचली तर काय करायचं, ते दिलंय. तीन ते पाच दिवस उशीर: फटकारायचं. सहा ते दहा दिवस: एका ढालीच्या किमतीइतका दंड. दहापेक्षा जास्त: एका चिलखताइतका दंड. आणि पाऊस-पुराने अडकले तर ती वेठ माफ.

हो. पावसाची सवलत लेखी होती.

आता नऊशे माणसांना हाच नियम लागू होता की सैनिकांसाठी वेगळा कडक नियम होता, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण 'उशीर म्हणजे मृत्यू' हा त्या राज्याचा सरसकट नियम नव्हता, एवढं नक्की. गोष्ट आपल्यापर्यंत आली ती छिननंतर आलेल्या हान घराण्याच्या काळातल्या लेखणीतून. आधीचं राज्य जितकं राक्षसी दिसेल तितकं नव्या राज्याला बरंच असतं. आणि गंमत बघा, ही गोष्ट लिहिणाऱ्या सिमा छ्यानला स्वतःला सम्राटाची मर्जी गेल्यावर खच्चीकरणाची शिक्षा झाली. ती देणारं राज्य छिन नव्हतं. हानच होतं.

मग छिनचे कायदे दयाळू होते का? जरा पुढे वाचू.

कुणी दुसऱ्याच्या तुतीची पानं चोरली, किंमत एका नाण्याइतकीही नाही, तर शिक्षा तीस दिवस वेठ. सक्तमजुरीवरच्या कैद्याने मातीचं किंवा लोखंडाचं भांडं फोडलं तर प्रत्येक नाण्याच्या किमतीमागे दहा फटके. सक्तमजुरीवरचं माणूस 'लहान' की 'मोठं', हे वयावरून नाही, उंचीवरून ठरायचं. पुरुषाला साधारण दीड मीटरची रेघ, बाईला जराशी खाली. जबानी घेण्याबद्दलची सूचना तर वाचून मी थबकलो: मारहाण न करता खरं काढलं तर उत्तम, मारून काढलं तर कमी प्रतीचं काम.

आणि आमच्या टेबलासाठी खास कलम. चार जणांनी मिळून चोरी केली तर शिक्षा मालाच्या किमतीप्रमाणे वाढत जाते. पण पाच जणांनी मिळून एक नाणं जरी चोरलं, तरी डावा पाय तोडायचा, चेहऱ्यावर गोंदायचं आणि तटबंदीच्या सक्तमजुरीला धाडायचं. आमचे पाच खेळाडू! हे वाचून दाखवल्यावर पहिला प्रश्न काय आला असेल? "एकाला बाहेर उभं ठेवलं तर चार धरणार का?" बरोब्बर. कायदा बारकाईचा असला की माणसं त्याच्याशी भांडत बसत नाहीत, त्यातल्या फटी मोजत बसतात.

मला या पट्ट्यांतून कळलं ते असं. जुलमी कायद्याचा दणकटपणा त्याच्या क्रूर कलमांत कमी आणि त्याच्या वाजवी कलमांत जास्त असतो. पावसाची सवलत आहे म्हणून कारकुनाला वाटतं, आपलं राज्य न्यायी आहे. मारहाण कमी प्रतीची मानली आहे म्हणून त्याला वाटतं, आपण सभ्य आहोत. आणि मग तीच सभ्य माणसं पोराला भिंतीशी उभं करून त्याची उंची मोजतात.

हजेरी

आता टेबलावर परत येतो. इथून पुढचं बोलू की नको असं बराच काळ वाटत होतं. ज्याचं आहे त्याला विचारूनच बोलतोय. नाव सांगणार नाही.

मी नवं राज्य बनवलं. यावेळी राजा नव्हताच, म्हणजे तो कुणाला कधी दिसायचा नाही. एक चौकी, एक नोंदवही आणि एक कारकून, एवढंच. आणि एक भटकी जमात. शासनाने या जमातीला 'जन्मतः चोर' जाहीर केलेलं. त्यांच्यातल्या प्रत्येकाने रोज रात्री चौकीवर येऊन आपण इथेच आहोत हे नोंदवायचं. गाव सोडायचं तर परवाना. आणि सगळ्यात वर एक कलम, जे मी स्वतः शोधून काढलं म्हणून खूश होतो: या जाहीरनाम्याला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही.

मी वाचून दाखवलं. चौघे म्हणाले, मस्त, यावेळी जमलंय. पाचवा गप्प. जकातीचा प्रश्न विचारणारा तोच. थोड्या वेळाने म्हणाला, "हजेरी. हे तू बनवलेलं नाहीयेस. माझ्या आजोबांचे वडील द्यायचे हजेरी."

माझा चेहरा उतरला. मी हे सगळं पूर्वी कुठेतरी वाचलं असणार आणि विसरलो असणार.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. इंग्रज सरकारने आधी उत्तर हिंदुस्थानात लागू केला. सरकारने एखादी अख्खी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची आणि त्या जाहीरनाम्याच्या वैधतेला न्यायालयाने हात लावायचा नाही, हे त्यात शब्दशः आहे. नोंदवही, परवाना, गावच्या मुखियाने आणि पहारेकऱ्याने खबर देण्याची सक्ती, सगळं त्यात आहे. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा वाढली आणि मुंबई इलाखाही त्यात आला. बोटांचे ठसे आले. मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवायची तरतूद आली. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत झाली. तिथल्या त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात.

आणि हो, यातही पावसाची सवलत होती. वहीतल्या तुमच्या नोंदीबद्दल दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता यायची. मूळ जाहीरनाम्याबद्दल मात्र नाही.

स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, या जमाती त्या यादीतून सुटल्या. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. वही बदलली.

मित्राने मला आणखी एक गोष्ट दाखवली. १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकात 'ऑर्क' या जमातीपुढे वृत्ती छापली आहे: कायदेशीर दुष्ट. एखाद्या ऑर्कची नाही, सगळ्यांचीच. तो हसत म्हणाला, "बघ, इथे पण जाहीरनामाच आहे." खेळाच्या प्रकाशकांनी हे बदलायची भाषा केली ती थेट २०२० मध्ये.

मी म्हटलं, हे राज्य रद्द करतो, दुसरं बनवू. तो म्हणाला, "नको. पण मला त्या जमातीतलं पात्र नको. मी कारकून होतो."

तीन शनिवार तो वही घेऊन बसला. त्याने कुणाला मारलं नाही, लाच घेतली नाही, पावसाची सवलत प्रत्येक वेळी दिली. तिसऱ्या शनिवारी एक बाई हजेरीला आली नाही. पोर तापाने फणफणलेलं, ती शेजारच्या गावी वैदूकडे गेलेली. नियमात सवलत होती, पण त्यासाठी गावच्या पाटलाची चिठ्ठी लागायची, आणि पाटील परगावी. चिठ्ठीशिवाय 'हजर' लिहिलं आणि तपासणी झाली तर नोकरी जाणार आणि कारकुनाच्या शेजारच्या चार घरांनाही दंड बसणार.

फासा टाकायचा प्रश्नच नव्हता. फक्त लिहायचं होतं. तो बराच वेळ पेन हातात धरून बसला आणि मग त्याने लिहिलं: गैरहजर.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "राजाचा राग नाही आला रे. तो मला माहीतच नाही. वहीचाही नाही आला. माझं अक्षर किती नीट आलं होतं, त्याचा आला."

तुम्ही मास्टर असाल तर

पुढचं दुष्ट राज्य बनवताना राजाचं चित्र काढण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. हे राज्य सामान्य माणसाला कुठली खरी गोष्ट देतं? शेजाऱ्याची खबर दिली तर काय मिळतं आणि नाही दिली तर काय जातं? नोंद कोण ठेवतो आणि त्याला पगार किती? कुठली सवलत आहे, जिच्यामुळे नोंद ठेवणाऱ्याला रात्री झोप लागते? आणि कुठला एक दरवाजा आहे, ज्याच्यावर दाद मागायला बंदी आहे?

या पाचांची उत्तरं असतील तर राजा पहिल्या रात्री मेला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जकात गोळा होईल.

मी नोकरीत दिवसभर नियमच लिहितो, फक्त वेगळ्या भाषेत. अमुक असेल तर तमुक, नसेल तर अर्ज नामंजूर. त्या शनिवारपासून 'नसेल तर' लिहिताना माझा हात जरा थांबतो. तेवढ्याने जग बदलत नाही, मला माहितीये. पण पाटील परगावी असेल तर काय, एवढं तरी मी आता विचारतो. बैठकीत लोक वैतागतात. वैतागू देत.

आमचं कॅम्पेन चालू आहे. येत्या शनिवारी त्या चौकीवर तपासणी आहे, आणि कारकुनाने वहीतलं एक पान फाडलंय. पुढे काय होतं ते मलाही माहीत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून राहा, आणि पाच जण मिळून एक नाणंसुद्धा चोरू नका.